टेबलावरच्या दोन पाट्या

चौदा पॉइंटांत जुळवलेलं अक्षर सहा इंची पडद्यावर किती उरतं, याचा हिशोब काकूंनी एका जुन्या प्रूफाच्या पाठकोऱ्या बाजूवर मांडला होता. २०१७ सालची गोष्ट. पुस्तक डेमी आकाराचं, म्हणजे साडेपाच इंच रुंद आणि साडेआठ इंच उंच. नव्या ई-रीडरचा पडदा कर्णाच्या मापाने सहा इंच. पट्टी लावून मोजला तर ३.६ बाय ४.८. साडेआठ इंचांचं पान पावणेपाच इंचांत कोंबलं की अक्षर निम्म्याहून जेमतेम मोठं राहतं. चौदाचं आठ होतं. तळटीपा दहा पॉइंटांच्या होत्या, त्या साडेपाचावर आल्या. औषधाच्या पट्टीमागे मजकूर असतो ना, तेवढ्या.

कोथरूडहून नारायण पेठेत जाताना बसमध्ये प्रूफं वाचून होतील, एवढ्याच आशेवर त्यांनी ते यंत्र घेतलं होतं. पहिल्याच संध्याकाळी कळून चुकलं की ज्या कामासाठी घेतलं ते काम त्याच्याकडून होणार नाही. दोन दिवस त्या खट्टू होत्या. पैसे फुकट गेले असं वाटत होतं. पण आठ वर्षांनंतरही त्यांच्या उशाशी ई-रीडरच आहे.

काकू पुण्यात मुद्रितशोधन करतात. छापखान्यातल्या पोरांपासून प्रकाशकांपर्यंत सगळे त्यांना काकूच म्हणतात, इथेही तेच ठेवू. बत्तीस वर्षं झाली या कामाला. सुरुवात केली तेव्हा एक-दोन छापखान्यांत अजून शिशाचे खिळे जुळवले जात होते. गॅली प्रूफं यायची आणि बोटं काळी व्हायची. मग डीटीपी आलं, मग पीडीएफ, आणि आता निम्मी प्रूफं व्हॉट्सअॅपवर येतात. दिवसाला साठ-सत्तर पानं नजरेखालून जातात. त्यामुळे ओळखीतल्या कुणाला वाचायला काही घ्यायचं असलं की तो काकूंना गाठतो. प्रश्न ठरलेला असतो, ‘काकू, टॅब घेऊ की किंडल?’ वनस्पती तुपाला जसं आपल्याकडे डालडा म्हणतात तसं कुठल्याही कंपनीच्या ई-रीडरला किंडल म्हणतात, इतकं ते नाव रुळलं आहे.

काकू उलट प्रश्न करतात, ‘वाचणार काय, ते आधी सांग. आणि ते कुठल्या फायलीत आहे?’

समोरचा गोंधळतो. त्याला किंमत, बॅटरी, डोळे याबद्दल ऐकायचं असतं. पण त्या सुरुवात फायलीपासून करतात, कारण त्यांना त्या पाठकोऱ्या कागदावरचा हिशोब आठवतो. पीडीएफ म्हणजे छापलेल्या पानाचं चित्र. पान जेवढं मोठं तेवढाच पडदा त्याला लागतो. ईपब किंवा किंडलची फाइल म्हणजे वाहता मजकूर. पडदा लहान असला तर ओळी आपोआप नव्याने मोडतात, अक्षर हवं तेवढं वाढवता येतं. इंग्रजी वाचणाऱ्याला हा फरक फारसा जाणवत नाही, कारण त्याला बहुतेक पुस्तकं वाहत्या मजकुरात मिळतात. मराठी वाचणाऱ्याचा सगळा निवाडा मात्र इथेच होतो.

टॅबलेट काकूंच्या घरात आधी आला, २०१३ मध्ये. एका प्रकाशकाने कागदी प्रूफं देणं थांबवलं आणि त्यांना पीडीएफ पाठवायला सुरुवात केली. संगणकासमोर दिवसभर ताठ बसून पाठ धरायला लागली, तेव्हा दहा इंची टॅबलेट घेतला. आयपॅड बाजारात आला २०१० च्या एप्रिलमध्ये. काकूंनी घेतला तो त्याच्यापेक्षा स्वस्तातला अँड्रॉइडवाला, पण कामाला चोख. डेमी पानाचा कर्ण दहा इंचांहून किंचित जास्त भरतो. म्हणजे दहा इंची पडद्यावर पान जवळपास मूळ आकारात दिसतं. एखाद्या अनुस्वाराचा संशय आला की दोन बोटांनी तो अंगठ्याएवढा मोठा करून बघायचा. तो अनुस्वार आहे की छपाईतला डाग, हे भिंगातून बघण्याचे दिवस गेले. लाल रेघ मारायची, समासात दुरुस्ती लिहायची आणि रात्रीच फाइल परत पाठवायची. रिक्षाचे पैसे वाचले, पावसाळ्यात प्रूफं भिजण्याची धास्ती गेली. पहिली दोन वर्षं त्या टॅबलेटचं कौतुक करताना थकत नसत.

मग ती चूक झाली.

दिवाळी अंकांचा हंगाम होता. ऑगस्ट-सप्टेंबरात मुद्रितशोधकांना डोकं वर काढायला फुरसत नसते, आणि त्याच गर्दीत एका वृद्ध लेखकाच्या आत्मचरित्राचं अंतिम प्रूफ आलं. काकू टॅबलेटवर वाचत होत्या. वाचता वाचता वरून पट्टी खाली यायची: अमक्या अंकाच्या संपादकांचा निरोप, तमक्याची फाइल आली, बिल्डिंगच्या ग्रुपवर पाण्याच्या टँकरची चौकशी. प्रत्येक वेळी बोट तिकडे जायचं, उत्तर द्यायचं, परत यायचं. परत आल्यावर पान तेच असायचं, ओळ सुटलेली असायची. एका पानाच्या शेवटचा परिच्छेद पुढच्या पानाच्या सुरुवातीला पुन्हा आला होता. अख्ख्या सात ओळी. काकूंच्या नजरेतून त्या सुटल्या. पुस्तक छापून झालं, हजार प्रती बांधून आल्या, आणि पहिली प्रत हातात घेतल्यावर लेखकाच्या नातीला ते दिसलं.

काकू त्या लेखकांच्या घरी जाऊन आल्या. ते काही बोलले नाहीत, चहा दिला. हजार प्रतींत शुद्धिपत्राची चिठ्ठी चिकटवायला बाइंडरकडची माणसं दोन दिवस बसली होती. तीस-बत्तीस वर्षांतल्या चुका काकूंना बऱ्याच आठवतात, पण ही आठवली की आजही त्यांचा चेहरा उतरतो. चूक टॅबलेटची नव्हती, हे त्या स्वतःच सांगतात. निरोप बंद करण्याची सोय त्यात होतीच. त्यांनी ती वापरली नव्हती. तेव्हापासून नियम झाला: अंतिम वाचन करताना विमान मोड. तरीही ज्या यंत्रावर जग येऊन दार ठोठावू शकतं, त्या यंत्राशी बसताना कान टवकारलेलेच असतात, दार बंद असलं तरी. हे त्यांच्या लक्षात आलं ते ई-रीडर हातात आल्यावर.

डोळ्यांची तक्रारही याच काळातली. संध्याकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं व्हायचं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की पडद्याकडे एकटक बघताना माणसाच्या पापण्या मिटण्याचं प्रमाण बरंच कमी होतं, त्यामुळे डोळे कोरडे पडतात. काकूंनी विचारलं, टॅबलेट सोडू का? डॉक्टर म्हणाले, दिवसभर एवढ्या जवळून एवढं बारकाईने वाचलंत तर कागदावरही थकायला होईल. दर वीस मिनिटांनी मान वर करून लांब बघा. ई-रीडर घेतला की डोळ्यांचं दुखणं गेलं, असं सांगणारे लोक भेटतात तेव्हा काकू हे उत्तर आवर्जून सांगतात.

झोपेची गोष्ट मात्र वेगळी. काम संपल्यावरही त्या टॅबलेटवरच कादंबरी वाचत झोपायच्या, आणि बारा-साडेबारापर्यंत टक्क जाग्या असायच्या. २०१४ च्या डिसेंबरात बोस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटलमधल्या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बारा जणांना दोन आठवडे प्रयोगशाळेत ठेवलं होतं. पाच रात्री त्यांनी झोपण्यापूर्वी चार तास टॅबलेटवर वाचलं, पाच रात्री छापील पुस्तक. टॅबलेटच्या दिवसांत झोप लागायला सरासरी दहा मिनिटं जास्त लागली आणि झोपेची चाहूल देणारं मेलाटोनिन दुसऱ्या दिवशी जवळपास दीड तास उशिरा वाढलं. पडद्याचा उजेड पूर्ण ठेवलेला होता, माणसं अवघी बारा, आणि ई-इंकच्या पडद्याचा ई-रीडर त्या तुलनेत नव्हताच. इतक्या लहान प्रयोगावर कुणी ग्रंथ रचू नये. पण अंथरुणात टॅबलेट नको, एवढं काकूंनी त्यावरून ठरवलं, आणि त्यांच्यापुरतं ते लागू पडलं.

ई-रीडरच्या या ई-इंक पडद्याची करामत समजून घेण्यासारखी आहे. त्यात केसाच्या जाडीएवढ्या असंख्य कुप्या असतात. प्रत्येक कुपीत पारदर्शक द्रव, आणि त्यात तरंगणारे पांढरे नि काळे कण, एकमेकांच्या विरुद्ध विद्युत भाराचे. पडद्याच्या त्या ठिपक्याला एक भार दिला की पांढरे वर येतात, उलट दिला की काळे. एकदा वर आले की वीज बंद केली तरी तिथेच राहतात. म्हणून पान उलटतानाच काय ती वीज लागते आणि एकदा चार्ज केलं की आठवडे निघतात. हे तंत्र अमेरिकेतल्या एमआयटीच्या मीडिया लॅबमधून निघालं. १९९७ मध्ये त्याची कंपनी झाली, २००४ मध्ये सोनीने जपानात त्यावर चालणारं पहिलं वाचनयंत्र आणलं आणि २००७ च्या नोव्हेंबरात अॅमेझॉनचं किंडल आलं. हल्लीच्या यंत्रांत दिवा असतो, पण तो पडद्याच्या कडेने बसवलेला. त्याचा उजेड पानावर पडतो आणि पानावरून डोळ्यांत येतो, उशाशी दिवा लावून पुस्तक वाचावं तसा. टॅबलेटमध्ये उजेड पडद्यामागून थेट डोळ्यांत येतो. भर उन्हात गच्चीवर दोन्ही शेजारी शेजारी धरली की हा फरक समजावून सांगावा लागत नाही. एकावर आपलाच चेहरा दिसतो, दुसऱ्यावर पान.

पण काकूंना ई-रीडरने दिलं ते यांपैकी काहीच नाही.

मुद्रितशोधकाचं एक दुःख असतं, ते त्या व्यवसायाबाहेर फारसं कुणाला ठाऊक नसतं. त्याला वाचता येईनासं होतं. समोर कुणाची कादंबरी असो, लग्नपत्रिका असो, बसच्या पाठीवरची पाटी असो, नजर आधी ऱ्हस्व-दीर्घाकडे जाते. ‘आणि’चा णि दीर्घ दिसला की पुढचं वाक्य ऐकू येत नाही. काकूंचं असं वीस वर्षं चाललं होतं. टॅबलेटवर तर ते जास्तच, कारण ज्या पडद्यावर दिवसभर लाल रेघा मारल्या त्याच पडद्यावर रात्री कथा वाचताना बोट आपोआप खूण करायला पुढे व्हायचं. प्रूफांसाठी घेतलेला ई-रीडर निरुपयोगी ठरला म्हणून खट्टू असतानाच एका रात्री त्यांनी त्यावर एक कादंबरी उतरवली. किंडलवर मराठी पुस्तकं अधिकृतपणे मिळू लागली ती २०१६ च्या डिसेंबरात, हिंदी, गुजराती, तमिळ आणि मल्याळमच्या बरोबरीने. त्या नव्या खजिन्यातलीच ती एक. तिसऱ्या पानावर चूक दिसली. बोट गेलं. त्या यंत्रावर टिपण करायचं म्हणजे शब्दावर बोट दाबून धरा, पडदा एकदा लुकलुकू द्या, कळफलक येईपर्यंत थांबा, एकेक अक्षर उमटताना बघत बसा. काकूंनी कंटाळून सोडून दिलं आणि पुढे वाचलं. दहाव्या पानावर आणखी एक दिसली, तीही सोडली. रात्री साडेअकराला त्यांनी मान वर केली तेव्हा चौथं प्रकरण संपत आलं होतं आणि शेवटची चूक कुठे दिसली होती ते त्यांना आठवत नव्हतं.

इतक्या वर्षांनी त्या वाचक म्हणून वाचत होत्या. हे सांगताना त्यांचा आवाज अजून बदलतो. यंत्राचं मंदपण, ज्याची दुकानात सगळे तक्रार करतात, तेच त्यांच्या उपयोगी पडलं. म्हणून मंद आहे, रंग नाहीत, व्हिडिओ चालत नाही, असं कुणी ई-रीडरबद्दल नाक मुरडून सांगितलं की काकू त्याला म्हणतात, तुला फक्त वाचायचं असेल तर हे दोष मोजू नकोस.

एवढं असूनही भेटणाऱ्या दहांपैकी सहा-सात जणांना त्या टॅबलेटच घ्यायला सांगतात. याचं कारण मराठी पुस्तकांच्या पोटात आहे.

आपल्याकडची कित्येक वर्षांची अक्षरजुळणी युनिकोडपूर्व फॉन्टांत झाली. त्या फॉन्टांत ‘क’ दिसतो तिथे संगणकाच्या लेखी एखादं रोमन अक्षर असतं. फक्त त्याचा मुखवटा देवनागरी. छापायला काही अडत नाही. पण त्या पीडीएफमधला मजकूर उचलून दुसरीकडे ठेवा, इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा खच पडतो. असा मजकूर ई-रीडरमध्ये वाहू शकत नाही. अक्षर मोठं करता येत नाही, शब्द शोधता येत नाही, दृष्टिहीनांसाठी वाचून दाखवणाऱ्या यंत्रणेला तो वाचता येत नाही. जुन्या पुस्तकांचं तर छायाचित्रच असतं. इंटरनेट आर्काइव्हच्या संकेतस्थळावरची शे-सव्वाशे वर्षांपूर्वीची मराठी पुस्तकं म्हणजे स्कॅन केलेली पानं. ई साहित्य प्रतिष्ठानने विनामूल्य उपलब्ध केलेली पुस्तकं पीडीएफमध्ये आहेत. बुकगंगासारख्या दुकानातून ईबुक घेतलं तर ते त्यांच्या अॅपमध्ये वाचायचं असतं, आणि अॅप चालतं फोनवर किंवा टॅबलेटवर. ज्याला हे सगळं वाचायचं आहे त्याच्या हाती सहा इंची ई-रीडर देणं म्हणजे विहिरीवर नेऊन हातात पळी देणं.

एका प्रकाशकाने पाच-सहा वर्षांपूर्वी मनावर घेतलं आणि जुन्या फायली युनिकोडमध्ये आणायला सुरुवात केली. रूपांतर यंत्राने, तपासणी काकूंकडे. पहिल्याच पुस्तकात लग्नघरातला आचारी होता. छापील पुस्तकात ‘आचाऱ्यांना पान वाढलं’ असं होतं. रूपांतरात ते ‘आचार्यांना पान वाढलं’ झालं. पुढच्या प्रकरणात सह्याद्रीच्या दऱ्यांचा दर्या झाला आणि स्वयंपाकघरातल्या सुऱ्या ‘सुर्या’ होऊन बसल्या. मराठीतला हा अर्धा, आडवा र आणि डोक्यावर चढणारा रफार हे संगणकासाठी दोन वेगळे संकेत आहेत, आणि जुन्या फॉन्टातून येताना ते एकमेकांत मिसळत होते. ल आणि श यांचीही तऱ्हा तशीच. युनिकोडमध्ये त्यांना मराठीसाठी वेगळी जागा नाही. फाइलमध्ये भाषा मराठी अशी नोंद नसली, किंवा फॉन्टाला ती समजत नसली, तर पडद्यावर हिंदी वळणाचे ल आणि श दिसतात. अर्थ बिघडत नाही, पण बालभारतीच्या पुस्तकावर वाढलेल्या डोळ्याला पानभर परकं वाटत राहतं. दोनशे पानांच्या त्या पुस्तकाला काकूंना नवीन जुळणीइतकाच वेळ लागला. प्रकाशकाने तीन पुस्तकं केली आणि थांबला. खर्च निघत नाही म्हणाला. त्याचा हिशोब खोटा नव्हता.

याच काळात त्या कॅलिबर शिकल्या. ईबुकच्या फायली एका साच्यातून दुसऱ्या साच्यात नेणारी ही विनामूल्य प्रणाली कोविद गोयल या भारतीय तरुणाने २००६ मध्ये, सोनीचं नवं वाचनयंत्र आपल्या संगणकाला जोडता येईना म्हणून लिहायला घेतली, आणि आज जगभरचे वाचक ती वापरतात. मजकूर मुळात युनिकोडमध्ये असेल तर कॅलिबर पाच मिनिटांत त्याचं वाहतं पुस्तक करून देतं. मराठी विकिस्रोतावरचे ग्रंथ काकू आता ई-रीडरवर वाचतात ते त्यामुळेच.

डोळे अधू झालेल्यांच्या बाबतीत काकूंचा अंदाज साफ चुकला होता, आणि घरातच. सासूबाई ब्याऐंशीच्या. मॅक्युलर डीजनरेशनमुळे नजरेच्या मधोमध धुरकट झालेलं. ई-रीडर डोळ्यांना सोसवतो म्हणून काकूंनी मोठ्या हौसेने त्यांच्यासाठी एक घेतला, सगळ्यात मोठं अक्षर लावून दिलं. सासूबाईंनी चार दिवस धरून बघितला आणि हळूच बाजूला ठेवला. ई-इंकची पार्श्वभूमी कागदासारखी म्हणतात, पण ती वर्तमानपत्राच्या कागदासारखी, करडी. निरोगी डोळ्याला शांत वाटते, अधू डोळ्याला अक्षर त्यात बुडून जातं. शिवाय एवढ्या मोठ्या अक्षरात सहा इंचांवर ओळीला दोन शब्द मावतात. मराठीतला एखादा लांब सामासिक शब्द आला की तोही मोडतो, आणि वाचणाऱ्याचा दम तुटतो. शेवटी काकूंचा जुना टॅबलेट सासूबाईंच्या पलंगाशी गेला. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं, उजेड भरपूर, आडवा धरला की ओळीला चार-पाच शब्द. त्यावर त्यांनी दीड वर्षं वाचलं. नंतर तेही जमेना तेव्हा स्टोरीटेलवर मराठी पुस्तकं ऐकायला लागल्या. ती सोय टॅबलेटमध्ये आधीपासूनच होती.

बाकीच्यांचं सांगायचं तर थोडक्यात होईल. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा शेजारचा मुलगा आला, त्याच्या फायलींत नकाशे, तक्ते, रंगीत आलेख होते, टॅबलेट. निवृत्त बँक अधिकारी आले, इंग्रजी रहस्यकथा एकामागून एक वाचणारे; ई-रीडर, बोलणं दोन मिनिटांत संपलं. लहान मुलांच्या चित्रपुस्तकांसाठी विचारणाऱ्या आईला काकूंनी कागदी पुस्तकंच घ्यायला लावली. रंगीत ई-इंकची यंत्रं २०२४ पासून मोठ्या कंपन्यांनीही आणली आहेत, पण त्यांवर रंगीत चित्राची बारकाई काळ्या-पांढऱ्या मजकुराच्या निम्मी असते, इंचाला ३०० ऐवजी १५० ठिपके, आणि रंग धुतलेल्या कापडासारखे फिके. न्यू जर्सीहून सुट्टीला आलेल्या भाचीने विचारलं, तिकडे मराठी वाचायला काय घेऊ? तिला त्यांनी नवं काहीच घेऊ दिलं नाही. तिच्याकडचा टॅबलेट मराठी दुकानांच्या अॅपसाठी ठेव म्हणाल्या, आणि इंग्रजी वाचन चालू आहे त्यावरच चालू दे.

दहा इंची ई-इंकची यंत्रं हा मधला रस्ता आहे. किंडल स्क्राइब २०२२ मध्ये आलं, लेखणीने लिहिता येणारं. अँड्रॉइडवर चालणारी ऑनिक्स बूक्ससारखी यंत्रं त्याआधीपासून आहेत आणि त्यांत दुकानांची अॅपंही बसतात. एका अनुवादक मैत्रिणीकडचं असं यंत्र काकूंनी आठवडाभर वापरून बघितलं. डेमी पान पूर्ण दिसलं, पण अनुस्वार मोठा करून बघायला गेलं की पडदा मागे राहतो, आणि त्याच्या किमतीत साधा टॅबलेट घेऊन वर ई-रीडरलाही हातभार लागेल. प्रूफांसाठी नको, अभ्यासकांसाठी उत्तम, असा त्यांचा शेरा.

नाजूकपणाचाही अनुभव घेऊन झाला. २०१९ मध्ये बसमध्ये कापडी पिशवीत पहिला ई-रीडर आणि स्टीलचा डबा एकत्र होते. ब्रेक लागला, डबा आपटला. वरून चरा नव्हता, पण पडद्याच्या आतली काच गेली होती. ई-इंकला चित्र टिकवायला वीज लागत नाही, त्यामुळे पानाचा वरचा अर्धा भाग तसाच गोठून राहिला. खाली उभ्या-आडव्या रेघा. ते अर्धं पान काकूंच्या कपाटात अजून तसंच आहे. उशाशी आहे तो दुसरा, सासूबाईंनी बाजूला ठेवलेला. त्याला त्यांनी जाड पुठ्ठ्याचं कव्हर घातलं आहे.

विकत घेतलेलं पुस्तक आपलं किती, हा प्रश्न दोन्ही यंत्रांना सारखाच लागू आहे. २००९ च्या जुलैमध्ये अॅमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलची पुस्तकं, ती विकणाऱ्याकडे हक्क नव्हते म्हणून, गिऱ्हाइकांच्या किंडलमधून दूरवरूनच पुसून टाकली होती. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने ईबुकचं दुकान बंद केलं तेव्हा पैसे परत दिले, पण पुस्तकं गेली. २०२५ च्या फेब्रुवारीत अॅमेझॉनने विकत घेतलेली किंडल पुस्तकं संगणकावर उतरवून तारेने यंत्रात टाकण्याची सोय काढून घेतली. काकूंचं स्वतःचं नुकसान लहान होतं. मोबाइल नंबर बदलला आणि एका अॅपमधली अठरा मराठी पुस्तकं जुन्या नंबरातच अडकली. तीन महिने पत्रव्यवहार केला, मिळाली नाहीत. त्या अठरांपैकी सात त्यांनी पुन्हा विकत घेतली, कागदावर. जे पुस्तक पुन्हा वाचायचं ते छापील, हा त्यांचा नियम तिथून पडला.

आज त्यांच्या टेबलावर टॅबलेट असतो आणि उशाशी ई-रीडर. टॅबलेट संध्याकाळी सातला बंद होतो. दोन्ही परवडणं सगळ्यांना शक्य नाही, हे त्यांना माहीत आहे. म्हणूनच त्या विचारणाऱ्याला सांगतात की पुढच्या सहा महिन्यांत जी पुस्तकं वाचायची आहेत त्यांतली पाच लिहून काढ, ती कुठल्या स्वरूपात मिळतात ते बघ, आणि कुणाकडून तरी दोन्ही यंत्रं आठ-आठ दिवस मागून आण. पाचपैकी तीन पीडीएफ निघाल्या तर टॅबलेट. तीन वाहत्या मजकुराच्या निघाल्या तर ई-रीडर, मग तो मंद असो की काळा-पांढरा.

ही यादी मराठी वाचकाची असली की बहुधा पीडीएफकडेच झुकते. ती तशी झुकू नये, हे प्रकाशकांच्या हातात आहे. जुन्या फायली राहू द्यात. निदान उद्या जुळणीला जाणारं पुस्तक तरी युनिकोडमध्ये जुळवा आणि छापील प्रूफांबरोबर ईबुकची फाइलही मुद्रितशोधकाकडे पाठवा. आचाऱ्याचा आचार्य झालेला मग तिथेच सापडेल. काकू गेल्या तीन वर्षांपासून प्रत्येक प्रकाशकाला हे सांगत आहेत. आतापर्यंत दोघांनी फायली पाठवायला सुरुवात केली आहे, आणि त्या तपासण्याचे वेगळे पैसे काकूंनी लावलेले नाहीत.